कालच्यापेक्षा आज कसं आहे? साध्या ऑपरेशननंतरची गुंतागुंत उशिरा का कळते

मामींचं पित्ताशयाचं ऑपरेशन सोमवारी झालं. दुर्बिणीतून, पोटावर चार छोटी भोकं, तासाभरात आटोपलेलं. बुधवारी दुपारी सुट्टी मिळाली आणि मामा त्यांना घेऊन वणीजवळच्या गावी परतले. द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर आली होती, घरी जायची सगळ्यांनाच घाई होती. गुरुवारी रात्री मामींचा फोन आला. "उजव्या खांद्यात दुखतंय गं. पोट पण भरल्यासारखं झालंय, जिवाला बरं वाटंना."

मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात सर्जरी वॉर्डात पंधरा वर्षं सिस्टर म्हणून काम केलेलं आहे. खांदेदुखीची तक्रार मला पाठ होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा मागे राहतो, छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास देतो आणि दुखतो मात्र खांदा, कारण दोघांच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोचतात. मी म्हणाले, "मामी, ते गॅसचं दुखणं आहे. थोडं चालत राहा, दोन दिवसांत जाईल."

ते गॅसचं दुखणं नव्हतं. पित्ताशय काढताना त्याच्या नळीला क्लिपा लावून तोंड बंद करतात, त्या टोकातून पित्त पोटात झिरपत होतं. शुक्रवारी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन आणि सलाईन दिली, तेवढ्यापुरतं दुखणं दबलं. शनिवारी मामी जेवल्या नाहीत, दोनदा उलटी झाली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. रविवारी पहाटे मामांनी जीप काढली. कॅज्युअल्टीत नाडी १३२, श्वास मिनिटाला ३०, बीपी ११०/७०, ऑक्सिजन ९६, ताप म्हणावा तर जेमतेम ९९. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "बीपी ठीक आहे, ताप नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. बाहेरून बारीक नळी घातली तर हिरवट पित्त आलं, पहिल्याच दिवशी दीड लिटर. मग एंडोस्कोपीतून पित्तनलिकेत स्टेंट, अँटिबायोटिक्स, किडनीवर आलेला ताण. एकोणीस दिवस. मामी बऱ्या झाल्या.

गुरुवारी रात्री मी फक्त एवढं विचारायला हवं होतं: "मामी, हे दुखणं कधी सुरू झालं? काल होतं का?" गॅसचं दुखणं पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि मग उतरत जातं. मामींचं दुखणं तिसऱ्या दिवशी नव्याने सुरू झालं होतं आणि वाढत होतं. दुखण्याची जागा मी ऐकली, दिशा विचारली नाही. वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाकडून हे निसटतं, तर पहिल्यांदाच ऑपरेशनला सामोऱ्या गेलेल्या घरातल्यांकडून निसटलं तर त्यांचा काय दोष? म्हणून हे सगळं उलगडून लिहिते आहे.

साधं कशाला म्हणायचं

अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, सिझर, गर्भपिशवी, मूळव्याध, मोतीबिंदू. गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत, सिव्हिलपासून आडगावच्या मेडिकल कॉलेजपर्यंत ही ऑपरेशनं नाशिकमध्ये रोजची आहेत आणि बहुतेक माणसं ठणठणीत होऊन घरी जातात. त्या अर्थी ती साधी आहेतच. पण भूल तीच असते, चाकू तोच असतो, आणि आतली रचना प्रत्येकाची थोडी वेगळी असते. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात तीन ते पाच असं धरलं जातं. निष्णात हातांनाही ते शून्यावर आणता आलेलं नाही.

म्हणून गुंतागुंत, चूक आणि हलगर्जीपणा हे तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत. टाक्यातून रक्त येणं, नळी झिरपणं, पायाच्या शिरेत गाठ होणं ही गुंतागुंत सगळं नीट करूनही होऊ शकते. ती झाल्यावर किती लवकर ओळखली, हा मात्र वेगळा हिशेब आहे, आणि माणसाचं पुढचं आयुष्य बहुतेकदा त्यावर ठरतं.

याचा एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९९२ मध्ये जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. रुग्णालय किती चांगलं हे तिथे किती गुंतागुंती होतात यावरून मोजण्याऐवजी, गुंतागुंत झालेल्यांपैकी किती जण दगावतात यावरून मोजायचं. वाचवण्यातलं अपयश, असं त्याला म्हणता येईल. पुढे २००९ मध्ये घफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी ८४ हजारांहून जास्त शस्त्रक्रियांची माहिती तपासली. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत २४.६ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्यांत २६.९ टक्के. म्हणजे जवळपास सारखीच. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या रुग्णालयांत १२.५ टक्के दगावले, दुसरीकडे २१.४ टक्के. त्यात मोठी ऑपरेशनंही होती, त्यामुळे हे आकडे पित्ताशयाला किंवा हर्नियाला जसेच्या तसे लावू नका. पण संकटं दोन्हीकडे सारखीच आली होती, आणि ती आल्यावर काय झालं यात मात्र जवळजवळ दुपटीचा फरक पडला. कोणी बघितलं, कधी बघितलं, बघितल्यावर कोणाला हाक मारली, या गोष्टींचा त्यात मोठा वाटा असतो.

शरीर झाकून ठेवतं

निदान उशिरा होतं याचं पहिलं कारण कोणाचाच दोष नसलेलं आहे. ऑपरेशननंतर माणूस तसाही आजारीच दिसतो. पोट दुखणार, कारण कापलं आहे. पोट फुगणार, कारण हात लागलेली आतडी एक-दोन दिवस संप करतात. पहिल्या ४८ तासांत अंग थोडं गरम होणार, कारण शरीर जखमेला उत्तर देत असतं, तो बहुतेक वेळा जंतूंचा ताप नसतो. आता आतून आतडं झिरपत असेल तरी हेच होतं: पोट दुखतं, फुगतं, अंग गरम होतं. एकाच दिवसाचा फोटो दाखवला तर अनुभवी सर्जनलाही फरक सांगता येणार नाही. फरक दोन दिवसांचे फोटो शेजारी ठेवल्यावर कळतो.

दुसरं कारण बीपी. आपल्याकडे बीपीवर फार विश्वास आहे. घरचे विचारतात, "बीपी कसं आहे?" आणि नॉर्मल म्हटलं की चहा प्यायला खाली जातात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. पोटात रक्तस्राव होऊन त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी बाहेरून फारसं काही कळत नाही. दीड लिटरपर्यंत जाईतो हृदय जोरात धावून आणि हातापायांच्या शिरा आवळून शरीर वरचं बीपी टिकवून धरतं. बीपी पडायला लागतं तेव्हा जवळपास तीस टक्के रक्त गेलेलं असतं. तरुण, काटक माणसात तर हे झाकणं फारच बेमालूम असतं. शेतात राबणारी चाळिशीची बाई शेवटपर्यंत उठून बसते, बोलते, "मला काही नाही" म्हणते आणि मग अर्ध्या तासात कोसळते.

नाडी मात्र आधी बोलते, आणि बऱ्याचदा तिच्याही आधी श्वास. पोटात जंतुसंसर्ग पसरू लागला की रक्तात आम्ल वाढतं, ते बाहेर टाकायला फुप्फुसं जास्त चालतात. वॉर्डात सगळ्यांत कमी मोजली जाणारी गोष्ट म्हणजे श्वास, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. चार्टवर सगळ्या पेशंटांसमोर ओळीने २०, २०, २० लिहिलेलं मी पाहिलं आहे. चाळीस खाटांना दोन सिस्टर असतात तेव्हा प्रत्येकाच्या छातीकडे मिनिटभर बघत उभं राहणं जमत नाही, हेही तितकंच खरं.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी गुणांची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जितकं बिघडलेलं तितके जास्त गुण, ऑक्सिजन बाहेरून लावला असेल तर दोन वाढीव. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं, सात झाली की थेट आणीबाणी. नंतर मी मामींचे आकडे घेऊन बसले. श्वास ३० म्हणजे तीन गुण. नाडी १३२ म्हणजे तीन. बीपी वरचं ११० म्हणजे एक. ऑक्सिजन, ताप आणि शुद्ध यांचे शून्य. एकूण सात. "बीपी ठीक आहे, ताप नाही" या दोन खऱ्या वाक्यांच्या मागे आणीबाणी बसलेली होती.

तिसरं कारण औषधं. पॅरासिटामॉल आणि दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा चालू असेल तर ताप चढणार कसा? बीपीची किंवा हृदयाची काही औषधं नाडीला वर जाऊ देत नाहीत. स्टेरॉइड घेणारे, मधुमेह असलेले, सत्तरी ओलांडलेले यांच्यात तर पोटात पू असूनही पोट मऊ लागू शकतं. म्हाताऱ्या माणसात आतल्या बिघाडाची पहिली खूण बऱ्याचदा एवढीच असते की ते असंबद्ध बोलायला लागतात. घरचे म्हणतात, आजोबांना भूल अजून उतरली नाही. भूल चौथ्या दिवशी उतरायची राहिलेली नसते.

घर हाच आता वॉर्ड आहे

मी नोकरीला लागले तेव्हा पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला सात-आठ दिवस मुक्काम असायचा, टाके काढूनच सुट्टी. आता दुर्बिणीमुळे दुसऱ्या दिवशी माणूस चालतो, आणि लवकर घरी जाणं चांगलंच आहे. फक्त एक हिशेब बदलला, तो घरच्यांना कोणी सांगितला नाही. गुंतागुंतीचं वेळापत्रक जिथल्या तिथेच आहे. रक्तस्राव बहुधा पहिल्या चोवीस तासांत, म्हणजे रुग्णालयात असतानाच. लघवी अडणंही त्याच वेळी, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर सांगायचंच असतं. पण पित्ताची किंवा आतड्याची गळती तिसऱ्या ते सातव्या दिवसात उघडी पडते. जखमेत पू पाचव्या ते दहाव्या दिवसात. पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ तर पुढचे काही आठवडे डोकं वर काढू शकते: एकच पोटरी सुजते, दुखते, आणि गाठ सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत कळ येते. पूर्वी तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा पहारा सिस्टर करायची. आता तो सुनेवर, मुलावर, नवऱ्यावर आला आहे, आणि त्यांना हातात मिळते ती गोळ्यांची पिशवी.

प्रत्येक ऑपरेशनची आपली अशी एक खूण असते. मुलाचे टॉन्सिल काढले असतील तर पाचव्या ते दहाव्या दिवसात पुन्हा रक्त येऊ शकतं, आणि झोपेत मूल सारखं काहीतरी गिळतंय हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. थायरॉइडनंतर पहिल्या काही तासांत गळा फुगून श्वास घ्यायला जड जाणं हा मिनिटांचा खेळ आहे, आणि एक-दोन दिवसांनी ओठांभोवती, बोटांत मुंग्या येणं म्हणजे कॅल्शियम उतरलेलं. मोतीबिंदूनंतर डोळा दुखायला लागला, लाल झाला आणि आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर सोमवारच्या तपासणीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणारी नळी गर्भपिशवीच्या अगदी बाजूने जाते. ऑपरेशनात तिला इजा झाली तर त्या बाजूची कंबर दुखते, ताप येतो, किंवा आठ-दहा दिवसांनी योनीवाटे पाण्यासारखी लघवी आपोआप गळायला लागते. बायका हे सांगत नाहीत. पांढरं जातंय असं समजतात, कपडा घेतात, लाजेने गप्प बसतात. पेठकडची एक बाई दोन महिने गप्प होती. तिच्या सासूला वास आला तेव्हा ती तपासायला आली. दुरुस्ती होते आणि चांगली होते, पण आधी कोणीतरी हे मोकळेपणाने विचारायला हवं, आणि ते सुट्टी देतानाच विचारून ठेवायला हवं: "ताई, कपडे आपोआप ओले व्हायला लागले तर लाजू नका, लगेच या."

सिझरनंतरही तसंच. अंगावरून जाणं कमी होत आलं आणि पुन्हा वाढलं, घाण वास यायला लागला, थंडी वाजून ताप आला, तर घरात "दूध भरल्याचा ताप आहे" असं म्हणून शेक देतात. छाती दगडासारखी भरली असेल तर ते असूही शकतं. पण त्यासोबत ओटीपोट दुखत असेल, वास असेल, नाडी धावत असेल तर ती बाळंतीण त्याच दिवशी दाखवायला हवी.

मोजायचं काय आणि सांगायचं कसं

कोविडच्या दोन वर्षांत घरोघरी ऑक्सिमीटर आले. कपाटात पडलेला असेल तर बाहेर काढा, नवे सेल घाला. तो ऑक्सिजनइतकीच नाडीही दाखवतो. बोटं गार असली किंवा नखांवर मेंदी, नेलपॉलिश असली तर आकडा चुकू शकतो, हे लक्षात ठेवा. तो नसेल तर मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. पांघरुणाकडे बघत छाती किती वेळा वर येते ते मोजा. शांत पडलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २०. रोज सकाळ-संध्याकाळ एका वहीत लिहा. सोबत लघवी किती वेळा झाली, काय खाल्लं, उलटी झाली का, खालून वारा सरला का, आणि आज माणूस कालच्यापेक्षा जास्त चालला की कमी, एवढंच.

मग वही वाचायची ती उतार-चढाव बघण्यासाठी. ऑपरेशननंतरचा रस्ता सावकाश पण सतत वर जायला हवा. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढतंय, भूक लागली होती ती गेली, चालत होता तो माणूस अंथरुणाला खिळला, नाडी ८४ वरून ११० वर गेली, यांतली एक गोष्ट जरी झाली तरी त्याला कारण शोधायला हवं. थंडी भरून येणारा ताप, घट्ट फुगलेलं आणि हात लावू न देणारं पोट, हिरवी उलटी, लागलेला दम, गार घाम, आठ-दहा तास न झालेली लघवी, किंवा गुंगी, यांतलं काही असेल तर फोनवर सल्ला मागत बसायचं नाही, निघायचं.

फोन करायचा तोही निघता निघता. "डॉक्टर, पोट दुखतंय" एवढंच सांगितलं तर समोरचा, दिवसभरात असे वीस फोन घेतलेला माणूस, गोळीचं नाव सांगेल. मागच्या वर्षी मामींच्या शेजारच्या आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मामींनी त्यांच्या मुलाला फोनवर काय बोलायचं ते शिकवलं. तो असं बोलला: "साहेब, मंगळवारी तुमच्याकडे आप्पांचं हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आज चौथा दिवस. काल दुपारपर्यंत भाकरी खाल्ली, ओट्यापर्यंत चालत गेले. रात्रीपासून पोट फुगलंय, दोनदा हिरवी उलटी झाली. नाडी काल ८४ होती, आता ११६. लघवी सकाळपासून नाही. आम्ही गाडी काढलीय, दीड तासात पोचतो." डॉक्टरांनी एकही प्रश्न न विचारता सीटी स्कॅनची तयारी ठेवायला सांगितलं. आतडं हर्नियासाठी आत बसवलेल्या जाळीच्या कडेला अडकलेलं होतं, त्याच संध्याकाळी सोडवलं, कापावं लागलं नाही.

गावातल्या डॉक्टरांकडे जायला हरकत नाही. रात्री दोन वाजता तेच उपयोगी पडतात. पण जाताना सुट्टीचा कागद न्या आणि ऑपरेशन कधी झालं ते आधी सांगा. दुखण्याच्या इंजेक्शनने बरं वाटलं तर त्याला "बरं झालं" समजू नका. आग तशीच असते आणि फक्त धूर दिसेनासा होतो. आणि घर सुरगाण्याला असेल, म्हणजे नाशिकपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर, घाटरस्त्याने, तर ऑपरेशनच्या आधीच ठरवा की पहिले पाच-सहा दिवस शहरात कोणाकडे तरी राहायचं. पंचवटीत, सिडकोत, सातपूरला नात्यातलं कोणी ना कोणी असतंच. रात्री गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका फुकट आहे, आणि ऑपरेशननंतरचा बिघाड हे तिला बोलवायला पुरेसं कारण आहे.

रुग्णालयाच्या आतला उशीर

पेशंट पोचला तरी उशीर संपत नाही. एक सर्जन सकाळी एका रुग्णालयात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणी ऑपरेशनं करतो. मधल्या वेळात पेशंट ड्युटीवरच्या डॉक्टरकडे असतो, त्याने ऑपरेशन पाहिलेलं नसतं. पाळी बदलते तेव्हा "पाच नंबरचं पोट थोडं फुगलंय" हे वाक्य सांगायचं राहून जातं. रात्री दोन वाजता सरांना उठवायचं की सहापर्यंत थांबायचं, या विचारात सिस्टर उभी असते. मी उभी राहिले आहे. सर ओरडतील या भीतीने मी दोनदा थांबले, आणि त्यातल्या एका वेळी थांबायला नको होतं.

सर्जनच्या मनातही एक अडसर असतो. आपल्या हाताने केलेल्या कामात गळती आहे हे मानायला जड जातं. त्यात खोटेपणा नसतो, आशा असते. "अजून बारा तास बघू." म्हणून चांगल्या विभागांत एक रीत असते: शंका आली की ऑपरेशन न केलेल्या दुसऱ्या सर्जनला पेशंट दाखवायचा. घरच्यांनीही हे मागावं. "डॉक्टर, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. पण आज ते कालच्यापेक्षा खराब दिसताहेत. अजून कोणाला दाखवता येईल का?" यात अपमान नाही, आणि चांगला डॉक्टर तो मानतही नाही.

रिपोर्टबद्दलही एक सांगते. सोनोग्राफी गळती चुकवू शकते, सीटी स्कॅनही चुकवू शकतो, विशेषतः फार लवकर केला तर. सीआरपी नावाची रक्ताची तपासणी कोणत्याही ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस वाढतेच, म्हणून तिचा एक आकडा फारसं सांगत नाही. चौथ्या दिवशी ती उतरायला लागली का, हे सांगतं. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस खालावत चाललेला असेल तर माणसावर विश्वास ठेवायचा आणि तपासणी पुन्हा करायची. जंतुसंसर्ग रक्तात पसरून बीपी पडल्यावर तर घड्याळ फार वेगाने धावतं. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की अशा रुग्णांत योग्य अँटिबायोटिकला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटवतो.

इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी गेली. तिचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला मार लागला होता आणि रुग्णालयात असताना सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने अख्खं शरीर बिघडणं, झाला. आई सांगत होती की काहीतरी बिघडतंय, तिचं ऐकलं गेलं नाही. आईवडिलांनी नंतर लढा दिला, आणि २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत मार्थाच्या नावाचा नियम लागू होऊ लागला: पेशंट किंवा घरचे स्वतः, दिवसा-रात्री केव्हाही, वॉर्डाबाहेरच्या दुसऱ्या पथकाला बोलावू शकतात. आईच्या "आज ती वेगळीच दिसतेय" या वाक्याला तिथे आता आकड्यांच्या बरोबरीने बसवलं आहे. आपल्याकडे ते वाक्य कॉरिडॉरमध्ये उभं राहून, दारातून डोकावून, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. बोला. पोराला रोज बघणाऱ्या आईला आणि नवऱ्याला रोज बघणाऱ्या बायकोला जे दिसतं ते मॉनिटरवर यायला कधी कधी दिवस लागतो.

कागद

सुट्टी घेताना चार गोष्टी लिहून मागा: नेमकं काय ऑपरेशन झालं, आत काही ठेवलं आहे का, म्हणजे नळी, जाळी, स्टेंट, कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचं, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. बिलावरचा रिसेप्शनचा नंबर रात्री वाजत राहतो.

आणि ऑपरेशन नोटची प्रत. आत काय दिसलं, काय कापलं, किती क्लिपा लावल्या, अडचण काय आली हे सर्जन त्यात लिहितो. नोंदी मागितल्यावर ७२ तासांच्या आत देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांना बंधनकारक आहे आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. पुढे तक्रार करायची वेळ आली तर याच कागदांवर सगळं उभं राहतं. पण मी प्रत मागायला सांगते ती त्यासाठी नाही. पेशंट दुसऱ्या रुग्णालयात हलवला की तिथला डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "आत काय केलं होतं?" मामींच्या वेळी रविवार होता, रेकॉर्डची खोली बंद होती. मामा नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतून दोनदा ये-जा करून आले आणि ती नोट हातात पडेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले.